तीन वर्षं, सात महिने, चोवीस दिवस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या नोंदींबद्दल अलीकडे पेपरात बरंच येतं. कोतवाल बुक, गाव नमुना नंबर १४, मोडीतले कागद, शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे. २०२३ साली मराठा-कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतले वर्षानुवर्षं न सोडलेले कागदांचे रुमाल सुटले. लोक त्यात जातीचा रकाना बघायला जातात, आणि ज्याला गरज आहे त्याने जायलाच हवं. मीही गेले होते. मला मात्र वयाचा रकाना बघायचा होता. ती हकिगत लिहून पाठवते आहे. पत्र लांबलं तर काटछाट करावी, पण हिराचं नाव तेवढं गाळू नये ही विनंती.

मी निवृत्त आरोग्य सेविका. सासर कळव्याजवळ खारेगावचं, माहेर घणसोलीचं. आम्ही आगरी. माझ्या लहानपणी घणसोली म्हणजे भाताची खाचरं, मिठागरं आणि खाडी. पावसाळ्यात आवण्या, दिवाळीनंतर मिठागरावर मजुरी आणि मधल्या दिवसांत निवट्या-खेकड्यांवर घर चालायचं. मग सिडको आली, जमिनी गेल्या. १९८४च्या जानेवारीत जासई-नवघरला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातूनच पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आमच्या पदरात पडली, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. भूखंड म्हटला की वारस आले आणि वारस म्हटले की वंशावळ आली. आमच्याकडे दोन घरांआड एक तरी माणूस असा सापडतो की त्याच्या पिशवीत स्टॅम्प पेपरवर काढलेली वंशावळ असते.

आमच्या घरची वंशावळ भावाच्या मुलाने काढली. हुशार आहे, कॉम्प्युटरवर छान चौकोन करून आणली. वर माझे आजोबा. त्यांच्याखाली दोन चौकोन. एकात माझे वडील धोंडू, पुढे ‘मयत’. दुसऱ्यात माझी आत्या, कोपरखैरण्याला दिलेली, वय ८४, हयात. वडिलांच्या खाली आम्ही भावंडं, आमच्याखाली मुलं. मला म्हणाला, “आत्या, बघून घे, कुणी राहिलंय का.”

मी बघत बसले. वडिलांचं नाव पाहिलं आणि मला वाटलं, कुणीतरी राहिलंय.

आपल्याकडे धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावं उगाच कुणी ठेवत नव्हतं. आधीचं मूल दगावलं की पुढच्याला असं नाव द्यायचं. दगडधोंडा आहे, केर आहे, भीक मागून आणलाय, याला कोण कशाला नेईल, अशी ती आईबापांनी काळाला घातलेली समजूत. माझ्या वडिलांच्या सातबाऱ्यावर धोंडू, रेशनकार्डावर धोंडू, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीच्या पगारपत्रकावर धोंडू. साठ वर्षं मी बापाचं नाव लावते आहे आणि एकदाही मनात आलं नाही की हे नाव कुणाच्या तरी मागून आलेलं आहे.

मग दुसरं आठवलं. आजी १९७९ साली गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. शेवटची दोन वर्षं तिला नीट दिसत नव्हतं. मी पाणी घेऊन गेले की म्हणायची, “हिरे, पायात घाल, काटं हात.” माझं नाव हिरा नाही, घरात कुणाचंच नव्हतं. आम्ही समजायचो म्हातारी लाडाने म्हणते. आणि पायात काय घाल म्हणते तेही कुणी विचारलं नाही, कारण माझ्या पायात चप्पल असायचीच.

मी दुसऱ्याच दिवशी कोपरखैरण्याला गेले. आत्या ओटीवर सुकटीतली घाण निवडत बसली होती. मी म्हटलं, “आत्या, हिरा कोण?” तिचा हात थांबला. म्हणाली, “तुला कुनी सांगतला?”

आत्याचा जन्म हिरा गेल्यानंतरचा, म्हणजे तिने हिराला पाहिलेलं नाही. तिला जे माहीत ते तिच्या आईकडून, म्हणजे माझ्या आजीकडून, तेही तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं. हिरा पहिलटकरणीचं मूल. नारळी पुनवेच्या आसपास झाली, खाडीवर नारळ सोडायला बाकीचे गेले होते आणि आजी घरात अडलेली होती. पोर सावळी, केस दाट. बोलायला लवकर लागली. आजोबा मिठागरावरून आले की त्यांच्या पायाचं मीठ हाताने झटकायची. ही मीठ झटकायची गोष्ट आत्याने मला त्या दुपारी तीनदा सांगितली. होळीला तिला लाल परकर शिवला होता. पाडवा झाला, त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत गेली. “देवी आल्या व्हत्या,” आत्या म्हणाली. साल विचारलं तर, “धोंडूच्या आधी.” वडील १९३८चे.

संपादक महोदय, तेहतीस वर्षं मी मुलांची नावं रजिस्टरात लिहिली. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, १९८७ साली मी नोकरीला लागले. बीसीजी, त्रिगुणी, पोलिओ, नऊ महिने भरले की गोवर. चाळीचाळीतून, झोपडपट्टीतून, नाल्याच्या कडेकडेने हिंडायचं आणि दारात उभं राहून विचारायचं, बाळ किती महिन्यांचं? पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, त्याआधीच्या कितीतरी रविवारी मी बूथवर बसून लहान बोटांना शाई लावली आहे. एवढं सगळं करून माझ्याच बापाच्या पाठीवरच्या... चुकले, बापाच्या आधीच्या बहिणीचं नाव मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. ही गोष्ट मला फार लागली. तिचं कुठेतरी लिहिलेलं नाव सापडल्याशिवाय गप्प बसायचं नाही असं मी ठरवलं.

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा. त्याच्या आधी गावच्या जन्ममृत्यूंची वही कोतवाल किंवा पोलीस पाटलाकडे असायची. हीच ती कोतवाल बुकं, गाव नमुना १४. तारीख, बापाचं नाव, मुलगा की मुलगी, जात. आणि मृत्यूच्या पानावर वय आणि कारण. मी अर्ज केला, शोध फी भरली, १९३२ ते १९३७ अशी सालं दिली. कचेरीतल्या मुलीने विचारलं, “जातीच्या दाखल्यासाठी का?” मी म्हटलं, नाही, आत्यासाठी. तिला वाटलं आत्याला दाखला हवाय. मी समजावून सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग रुमाल स्वतः उचलून आणला. तिचे उपकार मी विसरणार नाही.

ते कागद ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. वही आडवी, कडा कसरीने खाल्लेल्या, पान उलटताना कागदाचा भुगा टेबलावर पडतो. पान बोटाने धरायचं नाही, खालून तळवा घालून उचलायचं. शाई काळी होती ती तपकिरी झालेली. अक्षर मोडी, आणि मोडी मला येत नाही. १९५०च्या सुमारास ती शाळांतून गेली, आणि मीच काय, माझे वडीलही ती शिकले नव्हते. ठाण्यात मोडी शिकवणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ भेटले, ते दोन सकाळी माझ्याबरोबर येऊन बसले आणि चहाशिवाय काही घेतलं नाही. मोडीत आधी सबंध ओळभर रेघ मारून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यामुळे डोळा सरावलेला नसेल तर नाव कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं तेच कळत नाही. ते गृहस्थ बोट न टेकवता, बोटाची सावली फिरवत वाचायचे.

दुसऱ्या सकाळी, अकराच्या सुमारास, त्यांनी वाचलं. आजोबांचं नाव. मुलगी हिरी. वय ३. ताप. तारीख ११ एप्रिल १९३६.

मी त्यांना परत वाचायला लावलं. ते ‘हिरी’ म्हणाले की ‘हिरा’, असंही विचारलं. ते म्हणाले, “बाई, लिहिणाऱ्याने घरात हाक मारतात तेच लिहिलंय.” मला ते फार आवडलं. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्या दारात उभं राहून विचारलं असेल, पोरीचं नाव काय, आणि आजी किंवा आजोबांनी रोजच्या हाकेचं नाव सांगितलं असेल. ती हाक त्या कागदावर आहे.

जन्माची नोंद शोधायला आणखी एक सकाळ गेली, कारण तिथे नाव नाही. १८ ऑगस्ट १९३२, आजोबांचं नाव, ‘मुलगी’. एवढंच. बारशाच्या आत नोंद झाली असणार, नाव कुठून येणार? पण त्या साली नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या मध्यावरच होती, पंचांग काढून पाहिलं, म्हणजे आत्याने ऐकलेलं खरं ठरलं. आजोबांना त्या काळात दुसरी मुलगी नव्हती. तीच ती.

घरी येऊन मी कॅलेंडर न घेता बोटांवर मोजलं. तीन वर्षं, सात महिने, चोवीस दिवस. दिवसांत १३३२. चार पावसाळे तिने पाहिले आणि त्यातला पहिला पाळण्यात. उन्हाळा चौथा लागला होता, तो पुरा झाला नाही.

आता ‘ताप’ हा शब्द. आजच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापत नाहीत, कायद्यातच तशी तरतूद आहे. कोतवाल बुकात मात्र कारणाचा रकाना उघडा असतो आणि त्यात पानामागून पान ‘ताप’. इंग्रजी अमदानीत गावाकडून वर जी माहिती जायची तिची ठरलेली सदरं असायची: पटकी, देवी, प्लेग, हगवण, ताप आणि इतर. लिहिणारा काही डॉक्टर नव्हता. अंग तापलं होतं ना, मग ताप. हिवताप, विषमज्वर, घटसर्प, न्यूमोनिया, सगळ्यांवर एकच पांघरूण. आत्या मात्र ठाम होती, देवी म्हणजे देवीच.

मी माझ्या धंद्याच्या सवयीने ते सबंध पान वाचून घेतलं. मार्चच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, तीन आठवड्यांत, त्या एका गावात पाच मुलं गेलेली आहेत. सगळी सहा वर्षांच्या आतली. चौघांच्या पुढे ताप आणि एकाच्या पुढे देवी. देवीची साथ आपल्याकडे थंडी सरली की उठायची आणि पावसाने बसायची. ही पाचही मुलं नेमकी त्या दिवसांतली. शिवाय देवीत पुरळ उठायच्या आधी दोन-चार दिवस सडकून ताप येतो, लहान मूल कधीकधी त्या तापातच जातं. आत्याचं खरं, असं माझं मत आहे. कोतवालानेही खोटं लिहिलं नाही, दारातून जेवढं दिसलं तेवढं लिहिलं.

माझ्या हातावर देवीच्या लशीचे दोन वण आहेत. १९७५ साली देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला, १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. माझ्या मुलांच्या हातावर वण नाही, त्यांना तो लागलाच नाही. त्या दिवशी कचेरीतून येताना रिक्षात मी बाही वर करून ते वण पाहत होते. हिराला लस टोचली होती का? टोचणारा तेव्हाही गावोगाव फिरायचा, आणि त्याला बघून बायका पोरं घेऊन रानात पळायच्या, हे आजी हसत सांगायची. मिठागराच्या कडेला लपून बसलो असं सांगायची. आता मला वाटतं, कुठल्या पोराला कडेवर घेऊन लपली होती? तिने ते कधीच सांगितलं नाही आणि आम्ही हसलो.

मी आजीला दोष देत नाही, हे मात्र स्पष्ट लिहिते. तिच्या काळात बाईने गेलेल्या मुलाबद्दल बोलायचं नाही असाच रिवाज होता. जिवंत आहेत त्यांना दृष्ट लागेल, पुढचं पोट पिकणार नाही, म्हणून घरातली मोठी माणसं तोंडावर हात ठेवायची. १९७१ सालीसुद्धा आपल्या देशात हजार जन्मांमागे १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. महाराष्ट्राचा हा आकडा २०२० साली १६ वर आला होता, आणि त्यात माझ्यासारख्या हजारो बायकांच्या पायपिटीचा वाटा आहे असं मी अभिमानाने म्हणते. पण १९३६ साली घरटी एखादं मूल तरी जायचंच, आणि जे सगळ्यांच्याच घरात घडतं ते सांगायचं कुणाला?

माझी स्वतःची एक चूक इथे लिहून टाकते. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझ्या भागातल्या एका चाळीत अकरा दिवसांचं बाळ गेलं. माहेरी झालेलं, जन्माची नोंद केलेली नव्हती. कायद्याने जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद करायची असते, एकवीस दिवसांच्या आत, नाव ठेवलेलं नसलं तरी. मी गेले, बाप दारात उभा होता, म्हणाला, “ताई, दुसऱ्या दिवशी बारसं होतं. आता दाखला घेऊन काय करू?” मी गप्प झाले. परत जाईन म्हटलं आणि गेले नाही. माझ्या रजिस्टरात गरोदर मातेच्या ओळीपुढे मी लाल पेनाने ‘बाळ मयत’ लिहिलं आणि आडवी रेघ मारली. ते रजिस्टरही आता कुठे असेल? त्या बाळाचा जगाच्या पाठीवर कागद नाही. आजच्या आरोग्य सेविकांना, आशा ताईंना माझं सांगणं आहे, अशा घरी पुन्हा जा. त्या दिवशी नको, चार दिवसांनी जा, पण जा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून मतदार यादीपर्यंत सगळीकडे जन्मदाखलाच लागणार, म्हणून जिवंत मुलांच्या दाखल्यासाठी आईबाप रांगा लावतात. गेलेल्या बाळासाठी रांगेत कुणी उभं राहत नाही. ते काम आपलं आहे.

हिराची जागा बघायला आत्याला घेऊन गेले होते. लहान पोरांना तेव्हा खाडीकडच्या बांधावर पुरायचे, चिंचेच्या झाडाजवळ. आजीने आत्याला लहानपणी ती चिंच लांबून दाखवली होती, जवळ नेलं नव्हतं. आम्ही घणसोली स्टेशनच्या बाजूने रिक्षाने फिरलो. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधी भराव पडून गेला होता. चिंच नाही, बांध नाही. आत्याने दोन-तीन ठिकाणी रिक्षा थांबवली, उतरली, इकडेतिकडे पाहिलं, आणि प्रत्येक वेळी “इथं नाय” म्हणाली. शेवटी एका पुलाखाली खाडीचं पाणी दिसलं तिथे ती थांबली. वारा सुटला होता, चिखलाचा वास येत होता. ती म्हणाली, “वास त्योच हाय.” मग आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर आत्याने ट्रंक उघडून एक फडकं काढलं. त्यात चांदीचे वाळे. हे वाळे मी ओळखते. आम्हा सगळ्या भावंडांच्या पायात पडले होते, भावाच्या मुलाच्याही. माझ्या अंगठ्याची आणि तर्जनीची कडी केली तर त्यात एक बसेल एवढे, आत खडे, हलवले की बारीक वाजतात. एकाची चीर फाकलेली आहे, तिथे लाल दोरा गुंडाळलेला. आजी सोनाराला कधी द्यायची नाही. घरात तांदूळ नव्हता त्या वर्षी भांडी गेली, वाळे राहिले. आम्हाला वाटायचं वडिलांसाठी केलेले म्हणून. आत्या म्हणाली, “हिरीचे. तिचे तेवढेच रायले.” तेव्हा मला आजीचं “पायात घाल” कळलं.

मी भाच्याला म्हटलं, वंशावळीत हिराचा चौकोन घाल. तो बिचारा अडचणीत पडला. म्हणाला, “आत्या, ही वारसाची वंशावळ आहे. हिश्श्याला कोण कोण आहे एवढंच त्यात दाखवायचं असतं. तिचा हिस्सा नाही, तिला वारस नाही. नाव टाकलं तर साहेब दाखला मागणार आणि सगळ्यांचंच काम अडणार.” कायद्याच्या बाजूने त्याचं बरोबर आहे, म्हणून त्या कागदाचा आग्रह मी सोडला. पण आपल्या लोकांच्या मनातच वंशावळ म्हणजे वारसांची यादी असं बसून गेलंय, हे मला सोसत नाही. छापील कुलवृत्तांतांतसुद्धा ‘अल्पायुषी’, ‘बालपणी वारली’ अशा दोन शब्दांत मुलं उरकलेली असतात, पुष्कळदा नावाशिवाय. मुलगी असेल तर तेही नाही. हिराने मागे काही ठेवलं नाही असं कसं म्हणायचं? माझ्या बापाचं नाव तिच्यामुळे आहे. आम्ही सगळे पहिली पावलं तिच्या वाळ्यांत टाकली.

म्हणून आम्ही दुसरी वंशावळ काढली, घरची. साध्या ड्रॉइंग पेपरवर, हाताने. त्यात कोर्टकचेरीचं काही नाही. आजोबांच्या खाली आता तीन चौकोन आहेत आणि पहिला हिराचा. त्यात नोंदीतलं ‘हिरी’ आणि आमचं ‘हिरा’ दोन्ही लिहिलंय, दोन्ही तारखा लिहिल्यात, आणि खाली आत्याच्या आग्रहावरून एक ओळ: ‘बापाच्या पायाचं मीठ झटकायची.’ ती काढताना भाच्याची सात वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. तिने विचारलं, ही माझी कोण? आम्ही तिघं मोठी माणसं हिशेब करत बसलो. भाच्याच्या आजोबांची थोरली बहीण म्हणजे हिच्या बापाची आत्येआजी, मग हिची पणजीच्या नात्याची. मुलगी म्हणाली, “पण ही तर माझ्यापेक्षा लहान आहे.”

तहसील कचेऱ्यांत आज जुन्या वह्यांचं स्कॅनिंग चाललंय, काही जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पानं टाकलीही गेली आहेत. फार मोठं काम आहे आणि आता झालं नाही तर कसर ते खाऊन टाकेल. माझी एवढीच मागणी आहे की ज्या पानावर जातीची हवी ती नोंद सापडली तेवढंच पान स्कॅन करून वही परत बांधू नये. मृत्यूची पानंही घ्यावीत, सबंध वही घ्यावी. आणि याद्या करताना वयाचा रकानाही टिपावा. मोडी वाचणारी माणसं मोजकीच आहेत, त्यांना या कामाचं मानधन द्यावं. माझ्याबरोबर आलेल्या गृहस्थांसारखे सगळेच चहावर काम करतील असं धरून चालू नये.

वाचकांना सांगणं असं, की घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर या रविवारी जवळ बसा आणि विचारा, तुमच्या पाठीवर कोण होतं, पुढे कोण होतं, कोण राहिलं नाही. “कशाला ते आता” म्हणतील, तर थोडं थांबून पुन्हा विचारा. घरात कुणी धोंडू, दगडू, भिकू होऊन गेला असेल तर त्याच्या आधी कोण होतं हे तर नक्कीच विचारा. आत्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने ऐंशी वर्षं सांगितलं नव्हतं.

आणि शेवटी एक काम आहे, त्यासाठी आपल्या पेपराची मदत हवी. त्या पानावर हिराशिवाय जी चार मुलं आहेत, मार्च-एप्रिल १९३६ मध्ये घणसोलीत गेलेली, त्यांतल्या दोघांची नावं लिहिली आहेत आणि दोघांच्या जागी नुसतं ‘मुलगा’ आहे. बापांची नावं चौघांचीही आहेत. ती नावं मी इथे छापायला देत नाही, ती त्या त्या घरांची आहेत. पण नक्कल मी काढून आणली आहे, मोडीचं देवनागरीत लिहून घेतलं आहे, आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं आहे. गावातल्या ज्या जुन्या घरांना वाटतं की आपल्या आजीचं किंवा पणजीचं एखादं मूल त्या उन्हाळ्यात गेलं असावं, त्यांनी आपल्यामार्फत मला कळवावं. मी फोल्डर घेऊन घरी येईन. दुपारी चारनंतर मला वेळ असतो.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
खारेगाव, कळवा (जि. ठाणे)